बाप्तिस्म्याला नसलेली आई

धर्मग्रामाच्या कपाटातील जुन्या नोंदवह्या चाळणे हे आमच्यासारख्या धर्मगुरूच्या वाट्याला नेहमीच येणारे काम आहे. कुणाला परदेशी जाण्यासाठी आजोबांच्या जन्माचा दाखला हवा असतो, तर कुणाला गावठाणातील जमिनीच्या दाव्यासाठी पणजीचे नाव. कसर लागलेली पाने जपून उलटताना प्रत्येक नोंदीतील दोन तारखांकडे लक्ष जाते. एक जन्माची, दुसरी बाप्तिस्म्याची. जुन्या नोंदींत या दोहोंतील अंतर अगदी थोडे असे. चार दिवस, सहा दिवस, फार तर आठवडा. अर्भके पटापट दगावत, आणि बाप्तिस्म्यावाचून दगावलेल्या जिवाचे काय होते याविषयीची त्या काळची शिकवण कठोर होती. म्हणून होईल तितक्या लवकर बाळाला चर्चमध्ये आणावे, असा ख्रिस्तसभेचा आग्रह असे. हे सर्व आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. मात्र एक साधा प्रश्न आम्हांला कैक वर्षे सुचला नाही. सहाव्या दिवशी बाळ चर्चमध्ये आले, तर त्या वेळी त्याची आई कोठे होती?

ती घरी होती. ओटीवरून बाळ धर्ममातेच्या हातात गेले, मागोमाग बाप, धर्मपिता आणि नातलग गेले, आणि आतल्या खोलीत बाजेवर ती एकटी उरली. आपल्या लेकराला कोणते नाव दिले गेले हे तिला सर्वांत शेवटी कळत असे. नोंदवहीत तिचे नाव आहे, नवऱ्याच्या नावाखाली, एका ओळीत. बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी मात्र शतकानुशतके ती नव्हती.

बाळंतिणीच्या मनाचा इतिहास लिहायचा तर कागदपत्रे फारशी मिळत नाहीत. जमिनीच्या, देणग्यांच्या, भांडणांच्या नोंदी राहतात. रडण्याची नोंद कोणी ठेवत नाही. तरीही उपासनेचे विधी, घरातील वहिवाट आणि वृद्ध स्त्रियांच्या आठवणी या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, तर आपल्या साष्टी बेटावरील, म्हणजे आजच्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या परिसरातील ख्रिस्ती घरांत नव्या आईच्या मनाचे काय होत असे, याचा थोडा अंदाज बांधता येतो.

चाळीस दिवसांची मर्यादा मुळात यहुदी धर्मशास्त्रातील आहे. लेवीय ग्रंथाच्या बाराव्या अध्यायानुसार पुत्र झाला तर सात आणि तेहतीस मिळून चाळीस दिवस, आणि कन्या झाली तर दुप्पट, म्हणजे ऐंशी दिवस, स्त्रीने पवित्रस्थानी येऊ नये. पवित्र मरियेनेही हा नियम पाळल्याचे संत लूक सांगतो. गरिबांसाठी सांगितलेले पक्ष्यांचे अर्पण घेऊन ती मंदिरात गेली. नाताळापासून चाळिसावा दिवस २ फेब्रुवारीला येतो. त्या दिवसाचा मेणबत्त्यांचा सण आपल्याकडे पुष्कळ काळ मरियेच्या शुद्धीकरणाचा सण म्हणून ओळखला जाई. १९६९ च्या दिनदर्शिकेपासून तो प्रभूच्या समर्पणाचा सण झाला. नाव बदलले हे योग्यच झाले, असे आमचे मत आहे.

ख्रिस्तसभेने बाळंतिणीला अशुद्ध मानले काय? येथे इतिहास दुपेडी आहे. सहाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात धर्मप्रसारासाठी गेलेल्या ऑगस्टीन यांनी पोप ग्रेगरी महान यांना नेमका हाच प्रश्न विचारला होता. ग्रेगरींनी उत्तर दिले, की प्रसूत झालेली स्त्री त्याच घटकेला देवाचे आभार मानण्यासाठी मंदिरात आली, तरी तिच्याकडून कोणतेही पाप घडत नाही. चौदाशे वर्षांपूर्वीचे हे उत्तर आमच्या पणज्यांपर्यंत कोणी पोचवले असते तर किती बरे झाले असते! १६१४ च्या रोमन विधिग्रंथात बाळंतिणीच्या आशीर्वादाचा जो विधी आहे, तोही आभारप्रदर्शनाचाच आहे, शुद्धीकरणाचा नव्हे. स्त्रीने पेटती मेणबत्ती हाती घेऊन चर्चच्या दाराशी गुडघे टेकावेत, धर्मगुरूने पवित्र पाणी शिंपडून स्तोत्र म्हणावे आणि मग आपल्या स्टोलचे टोक तिच्या हाती देऊन तिला वेदीपर्यंत आत न्यावे. विधी सुंदर आहे. पण उंबऱ्याबाहेर थांबलेल्या स्त्रीला आतल्या प्रार्थनेचा लॅटिन अर्थ कळत नव्हता. तिला फक्त उंबरा कळत होता. आपण बाहेर आहोत आणि कोणीतरी आत घेतल्याशिवाय आत जाता येत नाही, एवढेच ती समजत होती. लग्नाविना आई झालेल्या मुलीला तर हा आशीर्वादही सहसा मिळत नसे, आणि आधाराची सर्वाधिक गरज तिलाच होती.

तरीही या विधीविषयी वृद्ध स्त्रिया बोलत, तेव्हा त्यांच्या स्वरात कडवटपणा नसे, हे नमूद केले पाहिजे. आम्ही तरुण असताना मरोळ-कोंडिविटा भागातील आजीबाई सांगत, की चाळिसाव्या दिवशी नवे लुगडे नेसून, मेणबत्ती घेऊन चर्चला जायचे म्हणजे जणू दुसरे लग्न. त्या दिवशी गावाने तिच्याकडे पाहावे, फक्त बाळाकडे नव्हे. त्यांचे हे बोलणे आम्ही त्या वेळी हसण्यावारी नेले. आज वाटते, बाळ झाल्यावर सगळे बाळाकडे पाहतात. आईकडे पाहण्यासाठी एक दिवस राखून ठेवणारी ही एकमेव प्रथा होती, आणि ती मोडताना तिच्या जागी काय ठेवायचे याचा विचार कोणी केला नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली, बालकांच्या बाप्तिस्म्याचा नवा विधी आला. बाप्तिस्म्याची वेळ ठरवताना आईची प्रकृती लक्षात घ्यावी, म्हणजे तिला स्वतः हजर राहता येईल, असे त्याच्या प्रस्तावनेत स्पष्ट म्हटले आहे. विधीच्या शेवटी आईला, आणि तिच्यासोबत बापालाही, आशीर्वाद दिला जातो. १९८४ च्या आशीर्वादग्रंथात प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर द्यावयाचे स्वतंत्र आशीर्वाद आहेत. ते मागायला मात्र क्वचितच कोणी येते, आणि आम्हीही ते आपण होऊन देऊ करीत नाही. दोष दोघांचाही, पण अधिक आमचा.

आता घराकडे वळू. साष्टीतील ख्रिस्ती कुटुंबे शेतीची, मासेमारीची, मिठागरांची आणि ताडीची कामे करीत. १८८७ साली त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, तरी त्यांच्या घरातील बाळंतपण शेजारच्या कुणबी, आगरी, कोळी घरांतील बाळंतपणाहून फारसे वेगळे नव्हते. पहिले बाळंतपण माहेरी. गावची सुईण. बाजेखाली शेगडीचा शेक, ओव्या-शेपेची धुरी, अंगाला तेल, कढत पाण्याची न्हाणी, मेथीचे आणि डिंकाचे लाडू. सव्वा महिना बाळंतिणीने पाण्यात हात घालायचा नाही, जड उचलायचे नाही, तिन्हीसांजेला उंबऱ्याबाहेर पडायचे नाही. यांतल्या किती गोष्टी वैद्यकाला मान्य होतील हा प्रश्न वेगळा. बाळाला पहिला चीक न पाजता फेकून देणे, बाळंतिणीला पाणी कमी देणे, कोंदट खोलीत धूर करणे यांनी नुकसानच होत असे. जुने ते सोने म्हणून डोळे मिटून घेणाऱ्यांपैकी आम्ही नाही. पण या नियमांआड एक गोष्ट घडत असे. सव्वा महिना त्या मुलीला काम सांगितले जात नसे, आणि ती एकटी नसे. रात्री बाळ रडले तर उचलायला आई होती, मावशी होती. स्वतः तीन-चार बाळंतपणे सोसलेली बाई शेजारी निजलेली असे, आणि काळोखात तिला काहीही सांगता येत असे.

सहाव्या रात्रीचे जागरण हा यातला सर्वांत कुतूहलाचा भाग आहे. सटवाई सहाव्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी भविष्य लिहिते, ही समजूत महाराष्ट्रभर आहे. धर्मांतरानंतरही ती रात्र जागवण्याची सवय ख्रिस्ती घरांतून सुटली नाही. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने काढलेल्या फर्मानात देशी चालीरीतींवर जी लांबलचक बंदी घातली, तीत या जागरणाचाही समावेश होता. पुढच्याच वर्षी मराठ्यांनी साष्टीवर स्वारी केली आणि १७३९ मध्ये वसई पडली, त्यामुळे या भागात त्या फर्मानाला पाय रोवायला सवडच मिळाली नाही. देवीची पूजा गेली, पण बायका जागत राहिल्या. सटवाईच्या जागी जपमाळ आली.

त्या फर्मानामागच्या पंडितांनी एक गोष्ट ध्यानात घेतली नव्हती. नाळ अस्वच्छ हत्याराने कापल्यामुळे होणारा नवजात बाळाचा धनुर्वात पहिल्या आठवड्याच्या अखेरीसच प्रामुख्याने दिसतो. बाळंतिणीचा ताप त्याच दिवसांतला. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास बहुतेक बाळंतिणींना विनाकारण रडू येते, आणि हजारांत एक-दोघींना होणारा प्रसूतीनंतरचा तीव्र मनोविकार बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच डोके वर काढतो. बायका सटवाईसाठी जागत असोत की मरियेसाठी, त्या नेमक्या धोक्याच्या रात्री जागत होत्या. कोणाचे बोलणे भरकटले, कोण आपल्या बाळाकडे अनोळख्यासारखे पाहते आहे, हे त्यांना दिसत असे. दिसल्यावर उपाय मात्र नव्हता. ‘बाहेरचे झाले’, ‘दृष्ट लागली’, ‘बाळंतवात’ हे शब्द होते. अंगारा होता, आणि आमच्याकडे पवित्र पाणी होते. अगदीच आवरेनासे झाले, की १९०१ साली ठाण्यास सुरू झालेले मनोरुग्णालय. ‘ठाण्याला नेली’ एवढे म्हटले की उपनगरात पुढे विचारायची गरज नसे. आई ठाण्याला आणि बाळ आत्याकडे. त्या बाळाला पुढे कोणी काय सांगत असेल?

मरिया एलिझाबेथकडे गेली तो प्रसंग आपण जपमाळेच्या दुसऱ्या आनंदी रहस्यात नित्य आठवतो. एक वयस्क, पहिलटकरीण. दुसरी कोवळी, गोंधळलेली. दोघी तीन महिने एका घरात राहिल्या, असे लूक लिहितो. (मरिया प्रसूतीपूर्वी परतली की नंतर, याविषयी भाष्यकारांत मतभेद आहेत; ती निदान बारशापर्यंत थांबली असावी, असे आमच्या धर्मग्रामातील प्रत्येक आईचे ठाम मत आहे.) बेथलेहेममध्ये मात्र मरियेजवळ कोणी बाईमाणूस होते, असे शुभवर्तमान सांगत नाही. सामान्य भाविकांना ते सोसवले नसावे. दुसऱ्या शतकातील याकोबाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आद्यशुभवर्तमानात योसेफ सुईण शोधायला धावतो, आणि पौर्वात्य चित्रांत सुईणी बाळाला न्हाऊ घालताना दिसतात. ख्रिस्तसभेने तो ग्रंथ पवित्र शास्त्रात घेतला नाही. तरी बाळंतिणीला एकटी ठेवायची नाही, ही त्या लिहिणाऱ्याची तळमळ खोटी नव्हती.

हे घर मोडले कसे? एका दिवसात नव्हे. कोंडिविट्याचे १५७९ सालचे संत योहानाचे चर्च साथीच्या रोगामुळे १८४० साली सोडून द्यावे लागले आणि वस्ती मरोळकडे सरकली. तेव्हा आख्खे गाव एकत्र सरकले होते. विसाव्या शतकात गावे जागच्या जागी राहिली आणि माणसे पांगली. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईकर उपनगरांकडे येऊ लागले. १९५० साली अंधेरीपर्यंतचा आणि १९५७ साली बोरिवली-मुलुंडपर्यंतचा भाग बृहन्मुंबईत आला. भातशेतीवर कारखाने उभे राहिले. कोंडिविट्याच्या त्याच पडक्या चर्चभोवती १९७३ साली निर्यात प्रक्रिया क्षेत्र झाले. घाटकोपर, मुलुंड, भांडुपकडे नगर-संगमनेर-जालन्याहून आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबे कारखान्यांच्या आधाराने स्थिरावली. त्यांच्या लेकीसुनांचे माहेर रात्रभराच्या प्रवासावर होते. सातव्या महिन्यात गावी पाठवायची आणि बाळ तीन महिन्यांचे झाले की आणायची, ही रीत त्यांनी शक्य तोवर टिकवली. मग नोकरी आली, आणि रीत मोडली.

प्रसूती घरातून रुग्णालयात गेली, हे देवाचे उपकारच होत. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि उपचारांअभावी दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून त्या अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांचा प्रबंधही प्रसूतिशास्त्रावरच होता. १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षेही पूर्ण झाली नसताना, त्या वारल्या. आनंदीबाई डॉक्टर झाल्या त्याच वर्षी मुंबईत स्त्रियांसाठीचे कामा रुग्णालय उघडले. गिरणीतील बाळंतिणीला विश्रांती मिळावी म्हणून १९२८ साली मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातृत्व लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आगेमागे आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९२९ साली तो कायदा झाला. सव्वा महिन्याची जी मुभा गावात चालीरीतीने मिळत होती, ती शहरात कायद्याने मागावी लागली. १९६१ साली देशभरासाठी कायदा आला, आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा २६ आठवड्यांची झाली. धुण्याभांड्याला जाणाऱ्या आमच्या बहिणींना यातला एक दिवसही मिळत नाही, हेही येथेच लिहून ठेवतो.

रुग्णालयाने जीव वाचवले. मन मात्र कोणाच्याच वाट्याला आले नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, म्हणजे जेव्हा रडू येऊ लागते नेमके तेव्हा, आई घरी परतते. दोन खोल्यांचा बंद दाराचा फ्लॅट. सासूबाई असल्या तर थकलेल्या, आई असली तर नोकरीवरची. उपनगरातील गरोदर स्त्रीला तिच्या जातीचे माणूस भेटते ते लोकलच्या महिलांच्या डब्यात. १९९२ च्या मे महिन्यात चर्चगेट-बोरिवली अशी पहिली महिला विशेष गाडी सुटली. अशा गाड्यांतून जाणाऱ्या धर्मग्रामातील भगिनी सांगतात, की पोट दिसू लागले की बसायला जागा मिळते, लोणचे मिळते, आणि फुकटचे सल्लेही. बाळंत होऊन ती रजेवर घरी बसली की तो डबा सुटतो. मग दिवसभर बोलायला कोणी नाही.

या दुःखाला वैद्यकीय नाव मिळून फार काळ झालेला नाही. फ्रान्सच्या लुई-व्हिक्टर मार्से यांनी १८५८ साली गर्भवती आणि बाळंतिणींच्या मनोविकारांवर मोठा ग्रंथ लिहिला, पण तो वेडाविषयी होता. साध्यासुध्या, निमूट, घरकाम करीत राहणाऱ्या उदास आईकडे डॉक्टरांचे लक्ष जायला आणखी शतक लोटले. १९८७ साली एडिनबरो येथे दहा प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली तयार झाली, आणि ती जगभर वापरली जाऊ लागली. आपल्या शेजारी, गोव्यात, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयातील २७० गर्भवतींना शेवटच्या तिमाहीपासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत भेटून माहिती घेतली. हे संशोधन २००२ साली प्रसिद्ध झाले. सहा ते आठ आठवड्यांनी ५९ माता, म्हणजे शेकडा २३, नैराश्याने ग्रासलेल्या आढळल्या. त्यांतल्या शेकडा ७८ जणींचे मन गरोदरपणातच ढासळलेले होते. म्हणजे रोग बाळासोबत आला नव्हता, आधीच घरात होता. निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही तशाच होत्या. कारणे कोणती? दारिद्र्य, उपासमार, नवऱ्याची मारहाण आणि वैवाहिक बेबनाव. आणि मुलगी होणे.

हे शेवटचे कारण आम्ही पुन्हा वाचले. लेवीय ग्रंथातील चाळीस आणि ऐंशी दिवस आठवले. मुलीच्या बाप्तिस्म्याची वेळ ठरवायला आलेले पाहुणे आणि मुलाच्या बाप्तिस्म्याची वेळ ठरवायला आलेले पाहुणे यांच्या चेहऱ्यांतील फरक कचेरीत बसून आम्ही इतकी वर्षे पाहत आलो आहोत. दुसरीही मुलगीच झाली, तर पेढ्यांचा पुडा लहान होतो. आपण ख्रिस्ती, आपल्यात असे काही नाही, ही आपली समजूत त्या पुड्यासमोर टिकत नाही.

उपाय आता आहेत, आणि ते वेडगळ नाहीत. गोव्यातच पुढे एक प्रयोग झाला, आणि त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. शेजारपाजारच्याच, डॉक्टर नसलेल्या स्त्रियांना शिकवून त्यांना उदास गर्भवतींच्या घरी नियमित पाठवायचे. त्यांना ‘सखी’ म्हणत. त्याचा काही प्रमाणात गुण आला. वाचताना वाटले, आमच्या आजीबाईंना हे ऐकवले असते तर त्या म्हणाल्या असत्या, यात नवीन ते काय? बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २००९ पासून आई आणि बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा कक्ष आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर तीन वर्षांखालील मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सर्वसाधारणपणे वेगळे करू नये, असे बंधनच घातले. ‘ठाण्याला नेली’ या दोन शब्दांत जी ताटातूट होती, ती कायद्याच्या पुस्तकातून तरी गेली. औषधे आहेत, समुपदेशन आहे. पापनिवेदनाला येऊन ‘फादर, मला माझ्या बाळाविषयी काहीच वाटत नाही, मी पापी आहे’ असे सांगणाऱ्या आईला प्रायश्चित्त न देता डॉक्टरकडे पाठवावे, एवढी अक्कल आम्हांलाही आली आहे. पूर्वी नव्हती.

पूर्वी नव्हती, याची एक आठवण लिहिली नाही तर हा लेख अर्धा राहील.

दीक्षा होऊन वर्षही झाले नव्हते. उपनगरातील एका धर्मग्रामात आम्ही साहाय्यक होतो. पहिलटकरणीचे मूल पूर्ण दिवसांचे, पण मृत जन्मले. आई रुग्णालयात असतानाच दिराने आणि बापाने एक छोटी पेटी दफनभूमीत आणली. बाप्तिस्मा झालेला नव्हता. १९१७ च्या धर्मविधीसंहितेनुसार अशा मुलाला ख्रिस्ती दफनविधी नव्हता. १९८३ च्या संहितेत मात्र, आईवडिलांची बाप्तिस्म्याची इच्छा असेल तर बिशपांच्या परवानगीने तो करता येतो, असे स्पष्ट आहे. हे आम्ही परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. त्या दुपारी आम्ही परवानगी मागितली नाही. ऊन होते, माणसे चारच होती, आणि लवकर आटोपावे असे सर्वांच्याच मनात होते. आम्ही एक ‘आमच्या बापा’ म्हटली आणि माती लोटली. संध्याकाळी रुग्णालयात जाऊन तिला म्हणालो, “देवाची इच्छा. तुम्ही अजून तरुण आहात, दुसरे होईल.” तिने मान हलवली. महिन्याभराने तिच्या सासूला विचारले, तर त्या म्हणाल्या, “बरी आहे, फादर. कामाला लागली.” आम्हांला बरे वाटले.

२००७ साली रोममध्ये आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने बाप्तिस्म्यावाचून दगावलेल्या बालकांविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. देवाच्या करुणेवर विसंबून त्यांच्या तारणाची आशा धरायला सबळ आधार आहे, असे त्यात म्हटले होते. ‘लिंबो’ हा कधीच श्रद्धासिद्धान्त नव्हता, हेही त्यात आले. आम्ही रविवारच्या प्रवचनात ते सांगितले. तोवर आमची बदली दुसऱ्या उपनगरात झाली होती. पुढच्या आठवड्यात एक बाई आल्या. कोणाच्या तरी तोंडून त्यांनी प्रवचनाविषयी ऐकले होते. आम्ही त्यांना ओळखले नाही. दोन मुलांची आई, केस पांढरे होऊ लागलेले. त्यांनी एवढेच विचारले, “फादर, त्याला कुठे पुरलं होतं?”

आम्ही त्यांच्यासोबत जुन्या धर्मग्रामात गेलो. मृत्यूची नोंदवही काढली. आमच्याच अक्षरात बापाचे नाव होते, त्यापुढे ‘यांचे मूल’, आणि तारीख. जागेची खूण नव्हती. मुंबईच्या दफनभूमीत जागा अपुरी, ठराविक वर्षांनी तीच माती पुन्हा उकरली जाते. खूण असती तरी उपयोग नव्हता. बाईंनी तो कागद बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, “मी त्याचं नाव ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही.”

नाव त्यांनी सांगितले. ते येथे लिहीत नाही. त्या वर्षी २ नोव्हेंबरला, दफनभूमीतील मिस्सेत मृतांची यादी वाचली गेली, तीत ते होते. बाई नवऱ्यासोबत आल्या होत्या. नवऱ्याच्या हातात मेणबत्ती होती आणि ती कोठे लावावी हे त्यांना कळत नव्हते. ज्यांच्या कबरी उरलेल्या नाहीत त्यांच्यासाठी लोक मधल्या मोठ्या क्रुसाच्या पायथ्याशी दिवे लावतात. आम्ही तिकडे हात केला. वारा होता. बाईंनी पदराचा आडोसा धरला आणि नवऱ्याने काडी ओढली.